सेन्सर जाळ्यांतील विदासंकलन : दोष सोसण्याच्या सोयी आणि त्यांतून उद्भवणारे दोष

कादवाकाठ (धागाकर्ता)

नेदरलँड्समधील बोर्गर या गावाजवळच्या एका बटाट्याच्या शेतात २००५ साली शंभराहून अधिक बिनतारी सेन्सर नोड (सेन्सर, रेडिओ आणि बॅटरी असलेली छोटी उपकरणे) बसवण्यात आले होते. करप्याची बुरशी प्रत्यक्ष जिथे वाढते त्या पानांच्या दाटीत तापमान आणि आर्द्रता मोजायची, रोगाला अनुकूल हवामान केव्हा तयार होते हे त्यावरून ओळखायचे आणि फवारणी तेवढ्यापुरतीच करायची, असा त्यामागचा साधा हिशेब होता. ‘लोफार-ॲग्रो’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग तीन आठवडे चालला आणि मोजलेल्या विदेपैकी (डेटापैकी) जेमतेम दोन टक्के विदा हाती आली. डेल्फ्टच्या संशोधकांनी हे अपयश झाकून न ठेवता तपशिलवार लिहून प्रसिद्ध केले, आणि या क्षेत्रातील कित्येक यशोगाथांपेक्षा तो तपशील मला अधिक उपयोगी वाटतो.

काय बिघडले होते? पहिली गोष्ट म्हणजे रेडिओवरून नवी आज्ञावली सर्व नोडपर्यंत पसरवण्याची सोय केलेली होती. नोडच्या बाहेरील फ्लॅश मेमरीत राहून गेलेल्या आज्ञावलीमुळे ती सोय अखंड चालू राहिली, जाळ्यात गर्दी झाली आणि चार दिवसांत बॅटऱ्या संपल्या. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक नोड आपल्या शेजाऱ्यांची यादी ठरावीक आकाराच्या तक्त्यात ठेवत असे. दाट मांडणीमुळे काही नोडना तीसपर्यंत शेजारी ऐकू येऊ लागले, तक्ता अपुरा पडला, आणि आज्ञावलीतील रेडिओ हाताळणारा थर व मार्ग ठरवणारा थर यांचे तक्ते वेगवेगळ्या आकाराचे असल्यामुळे एकाला ठाऊक असलेला शेजारी दुसऱ्याला ठाऊक नसे. तिसरी गोष्ट वॉचडॉगची. आज्ञावली अडकल्यास नोड पुन्हा सुरू करणारा हा घड्याळी पहारेकरी इतका उत्साही निघाला की बहुतेक नोड दर दोन ते सहा तासांनी नव्याने सुरू होत राहिले, आणि नोड नव्याने सुरू झाला की शेजाऱ्यांच्या तक्त्यातील त्याची नोंद पुसली जाऊन आजूबाजूचे मार्गही डळमळीत होत.

एक नोड बंद पडला तरी दुसरा मार्ग सापडावा म्हणून दाट मांडणी, अडकलेला नोड आपोआप सावरावा म्हणून वॉचडॉग, आणि आज्ञावलीतील चूक शेतात न जाता दुरुस्त करता यावी म्हणून रेडिओवरील अद्ययावतीकरण, अशा या तिन्ही सोयी दोष सोसण्यासाठीच केलेल्या होत्या. जाळे निकामी झाले ते नेमके यांच्यामुळेच.

हा विषय येथे मांडण्याचे कारण व्यावहारिक आहे. दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष बागायतदारांच्या एका गटासाठी मी असेच एक जाळे आखत आहे. सुमारे चाळीस नोड, प्रत्येकाकडून दर पंधरा मिनिटांनी तापमान, आर्द्रता आणि पानाचा ओलावा, आणि कालावधी गोडी छाटणीपासून (फळे धरण्यासाठीच्या छाटणीपासून) काढणीपर्यंतचा. डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा अंदाज या नोंदींवर अवलंबून राहणार असल्यामुळे त्यांत खंड पडणे परवडणारे नाही. नोडनी एकमेकांची पॅकेटे (रेडिओवरून जाणारे नोंदींचे छोटे गठ्ठे) पुढे सरकवत नेण्याचे बहुटप्पी जाळे करावे, की गावच्या पाण्याच्या टाकीवर गेटवे (सर्व नोडच्या नोंदी गोळा करून पुढे पाठवणारे उपकरण) बसवून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात प्रत्येक नोडने थेट त्याच्याशी लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धतीने बोलावे? जाळ्यात हुशारी कमी ठेवावी आणि नोडच्या पोटात साठवण जास्त ठेवावी, अशा मताचा मी झालो आहे. विरुद्ध बाजू कोणी नीट मांडली तर ती ऐकायची आहे.

ओंकार७

सध्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी याच विषयाचे वाचन करत असल्यामुळे विरुद्ध बाजू मांडण्याचा प्रयत्न करतो. या क्षेत्रातील लेखन बव्हंशी जाळ्याच्या हुशारीवरच उभे आहे. २००० साली आलेल्या ‘लीच’ पद्धतीत नोडचे गट पाडून गटप्रमुखपद आळीपाळीने फिरवले जाते, जेणेकरून एकाच नोडची बॅटरी आधी संपू नये. त्यानंतर राखीव गटप्रमुख, दुहेरी मार्ग, एकच पॅकेट दोन स्वतंत्र वाटांनी पाठवणे असे अनेक उपाय सुचवले गेले. चाळीस नोडच्या जाळ्यात प्रत्येक नोंद दोन वाटांनी पाठवली तर एक वाट तुटल्याने काहीच हरवणार नाही. बोर्गरचे जाळे अंमलबजावणीत फसले, म्हणून कल्पनाच चुकीची होती असे म्हणता येईल का?

जुना_तंत्रज्ञ

ओंकार, तुमचा प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर आकड्यांत शोधावे. समजा गेटवेपर्यंत पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर पॅकेट पोहोचण्याची शक्यता ९० टक्के आहे. पुन्हा पाठवण्याची सोय नसेल तर पाच टप्प्यांनंतर ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ५९ टक्के पॅकेटे पोहोचतील. आता तुम्ही म्हणता तशा दोन स्वतंत्र वाटा घेतल्या तर दोन्ही वाटा फसण्याची शक्यता ०.४१ चा वर्ग, म्हणजे सुमारे १७ टक्के राहील आणि ८३ टक्के नोंदी पोहोचतील. त्यासाठी खर्च जवळपास दुप्पट. याउलट एकच वाट ठेवून प्रत्येक टप्प्यावर पोच (पॅकेट मिळाल्याचा उलट संदेश) मागितली, आणि पोच न आल्यास एकूण तीन वेळांपर्यंत पाठवण्याची मुभा दिली, तर टप्प्याटप्प्याला ९९.९ टक्के आणि पाच टप्प्यांनंतर ९९.५ टक्के नोंदी पोहोचतात. प्रक्षेपणांचा खर्च मात्र टप्प्यामागे सरासरी १.११ च्या आसपासच राहतो. दुहेरी वाट दुप्पट मोबदला घेऊन कमी काम करते.

यात एक मेख आहे. वरील हिशेब प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र आहे असे धरून केलेला आहे, आणि रेडिओच्या बाबतीत तसे क्वचितच असते. अडथळा आला की तो काही काळ टिकतो, त्यामुळे लागोपाठ केलेले तीन प्रयत्न एकाच अडथळ्यावर आदळू शकतात. म्हणून दोन प्रयत्नांमध्ये थोडे थांबणे आवश्यक असते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कलेक्शन ट्री प्रोटोकॉल’ या नोंदी गोळा करण्याच्या पद्धतीमध्ये एकेक पॅकेट ३० हून अधिक वेळा पाठवण्याची तयारी ठेवलेली आहे, ती याच अनुभवातून. त्याची दुसरी खुबी मला अधिक आवडते. मार्ग बिघडला आहे की नाही हे तपासण्यासाठी वेगळी पॅकेटे न पाठवता, वाहणाऱ्या विदेच्या पॅकेटांवरूनच ते ओळखले जाते. प्रत्येक पॅकेटात पाठवणाऱ्याचा गेटवेपर्यंतचा अंदाजे खर्च लिहिलेला असतो, आणि घेणाऱ्याचा खर्च त्यापेक्षा कमी नसेल तर कुठेतरी वर्तुळ तयार झाले आहे असे समजून मार्ग नव्याने काढला जातो.

दुहेरी वाटेचा आणखी एक तोटा पुस्तकांत असतो, पण प्रकल्पात विसरला जातो. तुम्ही वाटेतच बेरीज किंवा सरासरी काढत असाल आणि तीच नोंद दोन वाटांनी आली तर ती दोनदा मोजली जाते. कमाल तापमानाला याने फरक पडत नाही, कारण ३८ अंश दोनदा सांगितले तरी कमाल ३८ च राहते. बेरजेचे तसे नाही. एकाच झाडासारख्या रचनेत बेरीज वर नेली तर दुहेरी मोजणी टळते, पण मुळाजवळचा एक दुवा तुटला की अख्खी फांदी बेरजेतून गळते. यावर २००४ च्या सुमारास दुहेरी नोंदीने न बदलणारे संक्षेप वापरण्याची पद्धत आली. ज्या गणिती युक्तीने प्रचंड यादीतील वेगळ्या नोंदींची संख्या अदमासे मोजतात तीच येथे बेरजेसाठी वापरली जाते, आणि किंमत म्हणून उत्तर अचूक न येता काही टक्क्यांच्या फरकाने येते. हजारो नोडच्या जाळ्यात हा सौदा पटण्यासारखा आहे. चाळीस नोडच्या बागेत कच्च्या नोंदी जशाच्या तशा आणणेच शहाणपणाचे.

कातळ

माझा संबंध कोकणातील दरडींच्या विषयाशी आहे, त्यामुळे दोष स्वतंत्र असतात या गृहीतकाविषयी थोडे अधिक लिहितो. आमच्याकडे दोष एकेकटे येत नाहीत. अतिवृष्टीच्या चार दिवसांत आभाळ भरलेले असल्याने सौर पट्ट्या बॅटरी भरत नाहीत, गावची वीज गेलेली असते, मोबाइलचा मनोरा बंद असतो, विजा कडाडत असतात आणि पेट्यांत ओल शिरलेली असते. नेमक्या त्याच चार दिवसांच्या नोंदी हव्या असतात.

केरळमधील मुन्नार येथे अमृता विद्यापीठाने उभारलेले दरडपूर्वसूचनेचे जाळे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जमिनीत खोलवर नळ्या पुरून मातीतील छिद्रदाब, ओलावा आणि हालचाल मोजली जाते, आणि २००९ च्या पावसाळ्यात त्या जाळ्यावरून इशाराही देण्यात आला होता. अशा रचनेत पाऊस वाढला की नोंदींची वारंवारिता वाढवावी लागते, म्हणजे बॅटरी भरण्याची शक्यता सर्वांत कमी असताना खर्च सर्वांत जास्त होतो. त्यामुळे कोरड्या दिवसांतील काटकसर हाच खरा राखीव साठा ठरतो, आणि तो साठा किती आहे हे ठाऊक असल्याखेरीज वारंवारिता वाढवण्याचा निर्णय नोडवर सोपवता येत नाही.

माळीण आणि इर्शाळवाडीनंतर सह्याद्रीत सर्वत्र सेन्सर लावण्याची मागणी होते, ती समजण्यासारखी आहे. परंतु डोंगरावरचा नोड गप्प झाला तर त्याचा अर्थ ‘काही घडत नाही’ असा लावायचा की ‘नोडच गेला’ असा, हे ठरवल्याशिवाय पूर्वसूचनेला अर्थ उरत नाही. काही घडले तरच बोलणारा नोड बॅटरी वाचवतो खरा, पण त्याच्या मौनाचे दोन अर्थ निघतात. ठरावीक अंतराने ‘मी जागा आहे’ एवढे सांगणारे छोटे पॅकेट आमच्या कामात सक्तीचे असायला हवे.

शाल्मली

चर्चा आतापर्यंत न पोहोचलेल्या नोंदींभोवती फिरत आहे. पोहोचलेली पण खोटी असलेली नोंद मला अधिक धोकादायक वाटते, कारण तिला कोणतीही पोच, क्रमांक किंवा तपासबेरीज (पॅकेट वाटेत बिघडले का हे ताडणारा आकडा) अडवत नाही. पॅकेट अक्षरशः शाबूत असते; फक्त आत लिहिलेले तापमान कुठल्याच जागेचे नसते.

२००४ साली बर्कली येथील इंटेलच्या प्रयोगशाळेत ५४ नोडनी सुमारे पाच आठवडे गोळा केलेल्या नोंदी आजही विद्यार्थ्यांना सरावासाठी दिल्या जातात. त्या आलेखावर काढून पाहाव्यात. बॅटरी उतरत गेली की अनेक नोडचे तापमान हळूहळू चढत जाते आणि शेवटी वातानुकूलित खोलीत शंभर अंशांच्या वरचे आकडे दिसू लागतात. कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात रेडवुडच्या एका उंच झाडावर नोड बांधून केलेल्या प्रयोगातही विचित्र नोंदींचा आणि उतरलेल्या बॅटरीचा संबंध स्पष्ट दिसला होता. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत त्या क्षणाचे बॅटरीचे व्होल्टेज पाठवावे. त्यासाठी एक बाइट लागतो, आणि संशयास्पद नोंदी नंतर वेगळ्या काढताना त्या एका बाइटइतके उपयोगी दुसरे काही नसते.

आता बागेकडे येते. कादवाकाठ, आपण पानाच्या ओलाव्यासाठी जाळीदार पट्टीचा सेन्सर वापरणार असाल असे गृहीत धरते, ज्यात दोन तांब्याच्या रेघांमधील रोध पाण्यामुळे कमी होतो. बोर्डो मिश्रणाची किंवा इतर औषधाची फवारणी झाली की त्याचा थर त्या रेघांवर बसतो, थर दमट हवा शोषून घेतो, आणि पान कोरडे असतानाही पट्टी ओली असल्याचे सांगू लागते. शेजारच्या नोडशी तुलना करून खोटारडा नोड ओळखण्याची नेहमीची युक्ती येथे चालत नाही, कारण फवारणी अख्ख्या बागेत एकाच दिवशी होते आणि सगळ्या पट्ट्या एकाच दिशेने खोटे बोलू लागतात. बहुमताने सत्य ठरवण्याच्या सर्व पद्धतींत किती जण बिघडलेले असू शकतात याची मर्यादा आधी मानावी लागते. लॅम्पोर्ट आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली मांडलेल्या प्रसिद्ध निष्कर्षानुसार, मनमानी खोटे बोलणारे सदस्य म असतील तर एकमत होण्यासाठी किमान ३म + १ सदस्य लागतात. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी मात्र चाळीसपैकी चाळीस सदस्य त्याच बाजूला असतात.

उपाय जाळ्याबाहेरचा आहे. फवारणीची तारीख नोंदींच्या तक्त्यात आलीच पाहिजे, आणि प्रत्येक फवारणीनंतर पट्ट्या ओल्या फडक्याने पुसण्याचे काम कोणाचे हे गटाने ठरवले पाहिजे. पट्टी स्वच्छ आहे की नाही हे ताडण्याची एक सोपी खूण आहे. कोरड्या दुपारी, आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली असताना, पट्टीने पूर्ण कोरडे दाखवायला हवे. तसे न दाखवणाऱ्या नोडची यादी रोज सायंकाळी गेटवेनेच काढून द्यावी.

जुना_तंत्रज्ञ

शाल्मलीताईंचा मुद्दा मान्य. गेटवेविषयी मात्र एक पुस्ती जोडतो, कारण धाग्यात त्याचा उल्लेख केवळ टाकीवर बसवायची वस्तू असा आला आहे.

इक्वाडोरमधील रेव्हेंतादोर ज्वालामुखीवर २००५ च्या ऑगस्टमध्ये १६ नोडचे जाळे १९ दिवस चालवले गेले. प्रत्येक नोड भूकंपमापक आणि ध्वनिमापकावरून सेकंदाला शंभर नोंदी घेत असे. एवढी विदा रेडिओवरून सतत पाठवणे अशक्य असल्याने प्रत्येक नोड ती आपल्या फ्लॅशमध्ये चक्राकार साठवीत असे, म्हणजे सर्वांत जुन्या नोंदीवर नवी नोंद लिहिली जाई. पुरेशा नोडनी हादरा जाणवल्याचे कळवले की तळावरचा संगणक एकेका नोडकडून त्या मिनिटाची विदा मागून घेई. मागताना एखादा तुकडा हरवला तर तेवढाच पुन्हा मागता येत असे. साठवण नोडकडे आणि मागणी गेटवेकडून, ही जी रचना आपण सुचवत आहात तिचा तो मूळ नमुना म्हणता येईल.

त्यांच्या हिशेबात पुढे आले ते असे. रेडिओवरील अद्ययावतीकरणातील दोषामुळे अख्खे जाळे तीन दिवस बंद पडले, म्हणजे बोर्गरसारखाच प्रकार. तो काळ वगळला तर नोड सरासरी ९६ टक्क्यांहून अधिक वेळ चालू होते. तळाचा संगणक मात्र त्याहून बराच कमी वेळ उपलब्ध होता, आणि त्याचे मुख्य कारण तो जिथे ठेवला होता त्या वेधशाळेतील वीजपुरवठा हे होते. ज्वालामुखीच्या उतारावर राख आणि पाऊस झेलणारी उपकरणे टिकली, आणि छपराखाली ठेवलेला संगणक विजेअभावी बंद पडत राहिला. आपल्याकडे भारनियमनाच्या दिवसांत टाकीवरच्या गेटवेला किती तास वीज मिळते याची चौकशी आधी करावी. गेटवेसाठी स्वतंत्र सौर पट्टी, बॅटरी आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे यांवर केलेला खर्च चाळीस नोडवरच्या कोणत्याही सुधारणेपेक्षा जास्त कामी येईल.

कादवाकाठ

सर्वांचे आभार. वीज तेथे शेतीपंपांच्या वेळापत्रकाप्रमाणे मिळते, म्हणजे ती गेटवेसाठी नाहीच असे धरून चालतो.

साठवणीचा हिशेब करून पाहिला. एक नोंद १६ बाइटांची धरली तर दिवसाला ९६ नोंदींचे १,५३६ बाइट होतात, आणि एक मेगाबाइटच्या फ्लॅशमध्ये ६८० हून अधिक दिवस मावतात. गोडी छाटणी ते काढणी हा काळ चार-साडेचार महिन्यांचा. अर्थात संपूर्ण हंगाम नोडच्या पोटात राहू शकतो, आणि गेटवे आठवडाभर बंद राहिला तरी काही गमावण्याचे कारण नाही. शेवटचा उपाय म्हणून काढणीनंतर नोड उतरवून फ्लॅश थेट वाचता येईल. डाऊनीच्या इशाऱ्यासाठी ती विदा निरुपयोगी असली तरी पुढील वर्षी अंदाजाचे गणित सुधारण्यासाठी ती सोन्यासारखी असेल.

नोंदींना क्रमांक देताना एक सापळा आहे, तो येथे नमूद करून ठेवतो. गेटवे एकाच नोडकडून आलेला जुना क्रमांक पुनरावृत्ती समजून टाकून देतो, कारण पोच हरवल्यामुळे तेच पॅकेट दोनदा येणे ही रोजची गोष्ट आहे. आता वॉचडॉगने नोड नव्याने सुरू केला आणि क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू झाले, तर गेटवे पुढच्या शेकडो नव्या नोंदी पुनरावृत्ती म्हणून फेकून देईल, आणि रेडिओ, बॅटरी, सेन्सर सगळे ठणठणीत असताना नोंदी मात्र नाहीत असे चित्र दिसेल. म्हणून फ्लॅशमध्ये कितव्यांदा सुरू झालो याचा वेगळा आकडा ठेवायचा, प्रत्येक पॅकेटात तो आकडा आणि क्रमांक अशी जोडी पाठवायची, आणि सुरू होण्याचे कारणही सोबत कळवायचे. वॉचडॉग, बॅटरीचा दाब उतरणे आणि हाताने दाबलेले बटण यांत फरक करणारी नोंद बहुतेक सूक्ष्म नियंत्रकांत आयतीच मिळते. एखादा नोड दिवसात तीनदा वॉचडॉगने उठत असेल तर ते पहिल्याच सायंकाळी दिसायला हवे.

रेडिओवरील अद्ययावतीकरण ठेवणार नाही. चाळीस नोड आहेत, आणि लॅपटॉप घेऊन बागेत जाता येते.

शाल्मली

क्रमांकाच्या जोडीची रचना चांगली आहे. पोचेच्या बाबतीत मात्र लोरा पद्धतीची एक अडचण लक्षात घ्यावी. नेहमीचा गेटवे एका वेळी अनेक वाहिन्यांवर ऐकू शकतो, परंतु तो बोलत असताना त्याला काहीच ऐकू येत नाही. प्रत्येक नोंदीला पोच द्यायची ठरवली तर पोच देण्याच्या काळात आलेली इतरांची पॅकेटे हरवतात, ते नोड पुन्हा पाठवतात, त्यांनाही पोच द्यावी लागते, आणि गर्दीच्या वेळी विश्वासार्हतेसाठी केलेली सोयच हानी वाढवते. दूरच्या नोडसाठी सर्वांत संथ दर वापरावा लागला तर एक छोटे पॅकेटही सव्वा ते दीड सेकंद हवेत असते, हेही विसरू नये.

माझी सूचना अशी की रोजच्या नोंदींना पोच मागूच नये. त्याऐवजी प्रत्येक पॅकेटात चालू नोंदीसोबत दोन जुन्या नोंदी पाठवाव्यात: एक तासाभरापूर्वीची आणि एक आठ तासांपूर्वीची. लगतच्या दोन नोंदी घेतल्या तर छोट्या अडथळ्यात तिन्ही प्रती एकदमच बुडतील. अंतर ठेवल्यामुळे सहा तासांचा खंडही आपोआप भरून निघतो. दहा टक्के पॅकेटे हरवत असतील आणि तिन्ही प्रतींचे नशीब स्वतंत्र असेल तर हजारात एखादीच नोंद कायमची राहून जाईल. त्याहून मोठे खंड रात्री भरावेत. गेटवेने प्रत्येक नोडला दिवसातून एकदाच ‘अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंत मिळाले नाही’ असे कळवावे आणि नोडने तेवढेच पाठवावे.

ओंकार७

दुहेरी वाटेचा हट्ट सोडला, कारण शाल्मलीताईंच्या योजनेत तीच गोष्ट जागेऐवजी काळात केलेली दिसते. एक शंका उरते. नोंदी आठ तासांनी किंवा आठवड्याने पोहोचणार असतील तर त्यांची वेळ कोण लावणार? वेळेच्या समन्वयासाठी वेगळी पद्धत लागेल का?

जुना_तंत्रज्ञ

पंधरा मिनिटांच्या नोंदींसाठी लागणार नाही. साध्या स्फटिकाचे घड्याळ दहा लाखांत वीस भाग चुकते असे धरले तर दिवसाला पावणेदोन सेकंद आणि १३० दिवसांत पावणेचार मिनिटे इतकाच फरक पडतो. तोही गेटवेवर पॅकेट पोहोचल्याची वेळ आणि नोडच्या घड्याळाचा ठोका यांची जोडी लावून नंतर सुधारता येतो. रेव्हेंतादोरला वेळेच्या समन्वयाची पद्धत मधूनच चुकली होती, आणि सगळ्या नोंदींच्या वेळा मागाहून अशाच जोड्यांवरून सरळ कराव्या लागल्या होत्या.

अडचण दुसऱ्या ठिकाणी आहे. नोड नव्याने सुरू झाला की ठोके शून्यापासून मोजले जातात. गेटवे बंद असताना नोड सुरू झाला, चार तास चालला आणि पुन्हा नव्याने सुरू झाला, तर त्या चार तासांतील एकही पॅकेट प्रत्यक्ष वेळेशी बांधलेले नसते. नोंदी फ्लॅशमध्ये सुखरूप असतात, पण त्या कोणत्या दिवसाच्या हे सांगता येत नाही. स्वतःचा बटणसेल असलेले स्वतंत्र घड्याळ नोडवर बसवले तर ही पोकळी भरते. ते थोड्या पैशांत मिळते, म्हणून मी ते सक्तीचे मानतो.

कातळ

आणखी एक व्यावहारिक बाब. बागायतदाराच्या मोबाइलवर अंदाज जाईल तेव्हा न आलेल्या तासांचे काय दाखवणार? रिकामी जागा शून्य म्हणून गणितात गेली तर पान कोरडे होते असा अर्थ निघेल, आणि ओल्या रात्रीच नोड गप्प झाला असेल तर इशारा निघणारच नाही.

कादवाकाठ

न आलेला तास गणितात ‘ओला’ धरायचा आणि संदेशात तसे स्पष्ट लिहायचे, असे ठरवत आहे. सलग तीन तासांहून मोठा खंड असेल तर त्या प्लॉटचा अंदाज न देता ‘नोंदी मिळालेल्या नाहीत, बागेत जाऊन पाहावे’ एवढाच संदेश जाईल. मागाहून नोंदी आल्या की अंदाज नव्याने काढला जाईल आणि आधीचा अंदाज न पुसता दोन्ही शेजारी ठेवले जातील. यात अनावश्यक फवारणीचा धोका आहे, हे गटातील बागायतदारांसमोर मांडले होते. डाऊनी हुकण्यापेक्षा एखादी फवारणी वाया गेलेली चालेल असे त्यांचे मत पडले.

पट्ट्या पुसण्याचे काम फवारणी करणाऱ्या ट्रॅक्टरचालकाकडेच देत आहोत. त्याने कोणत्या ओळीतील नोड पुसला याची नोंद नोडवरील बटण दाबून व्हावी, अशी सोय करता येईल. बटणाचा तो ठोकाही मग क्रमांक घेऊन इतर नोंदींसारखाच गेटवेकडे जाईल.